संगणकातील दप्तर आणि त्याची दुरुस्ती

आमच्या जिल्ह्यातील जुन्या शेतकरी घराण्यांत जमिनीचा वाद निघाला म्हणजे वडीलधारी मंडळी अजूनही ‘खासरा पहाणी’चे नाव काढतात. १९५४-५५ साली, आदिलाबाद हैदराबाद राज्यात होते तेव्हा, हे दप्तर तयार झाले. शेताचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण, हे सारे त्यात रकान्यांतून लिहिलेले असे. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, २०१४ साली तेलंगणा राज्य झाले, २०१६ साली आमच्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तरी त्या दप्तराचा आधार लोक आजही घेतात.

अशा दप्तराच्या बाबतीत दोन तऱ्हांनी घोटाळा होऊ शकतो. एखाद्या सर्व्हे नंबरापुढे नावच चुकीचे लिहिले गेले, तर त्या एका कुटुंबाचे नुकसान होते आणि नोंद सुधारून घेण्यासाठी त्यास कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. परंतु समजा, दप्तरातील प्रत्येक नोंद बिनचूक आहे आणि ते वाचून दाखविणाऱ्या कारकुनाच्या चष्म्यालाच तडा गेला आहे. तड्यावर येणारी ओळ त्यास दिसत नाही, आणि दिसत नाही हेही त्यास कळत नाही. तेव्हा दप्तर कितीही तपासले तरी दोष सापडावयाचा नाही. दप्तर निर्दोषच आहे. बदलावयास हवा तो चष्मा.

आजचे बहुतेक व्यवहार ज्या ‘डेटाबेस’मध्ये नोंदले जातात, त्यालाही हे दोन्ही प्रकार लागू पडतात. डेटाबेस म्हणजे रकाने आणि ओळी यांत मांडलेले माहितीचे दप्तर, आणि डेटाबेस सॉफ्टवेअर म्हणजे ते लिहिणारा, शोधणारा, जुळवणारा, न दिसणारा कारकून. या लेखात आम्ही दप्तरातील चुकांविषयी लिहिणार नाही. लिहावयाचे आहे ते या कारकुनाच्या चष्म्याविषयी आणि तो वेळेवर बदलण्याच्या कामाविषयी. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी हैदराबादेस एका व्यापारी संस्थेत हेच काम करतो. गेल्या दिवाळीत तो गावी आला असता त्याने आम्हांस ते समजावून सांगितले, आणि इतके महत्त्वाचे काम इतक्या गुपचूप चालते याचे आम्हांस नवल वाटले.

तो ज्या यंत्रावर काम करतो, त्यास ‘मिडरेंज’ संगणक म्हणतात. अवाढव्य संस्थांचा मेनफ्रेम संगणक आणि टेबलावरचा वैयक्तिक संगणक यांच्या मधला हा वर्ग होय. या वर्गातील सर्वांत नावाजलेले यंत्र म्हणजे आय.बी.एम. कंपनीचे ए.एस./४००. ते २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. त्याची घडण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या गावी झाली. त्याचे वैशिष्ट्य असे की, डेटाबेस निराळा विकत घेऊन त्यावर बसवावा लागत नसे. तो यंत्राच्या कार्यप्रणालीतच विणलेला होता. पुढे यंत्राची नावे बदलत गेली. २००० साली आय-सिरीज, २००६ साली सिस्टिम आय आणि २००८ पासून त्याच्या कार्यप्रणालीस नुसते ‘आय.बी.एम. आय’ म्हणू लागले; आतील डेटाबेसचे नाव आहे डीबी२. नावे बदलली तरी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम आजच्या यंत्रावर विनातक्रार चालतात. बँका, विमा कंपन्या, घाऊक व्यापारी आणि कारखाने यांचा या यंत्रावर जो विश्वास बसला तो याच गुणामुळे. परंतु याच गुणातून एक खोडही उपजली आहे, ती पुढे दिसेल.

दुरुस्तीस इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आणि प्रारंभी ते अक्षरशः ठिगळच होते. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मार्क १’ या यंत्राच्या सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून लिहिलेल्या असत. चुकून भलतेच भोक पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. अशी ठिगळे लावलेली एक पट्टी अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहात जपून ठेवली आहे. कागद गेला, शब्द राहिला. आय.बी.एम.ने मात्र आपल्या दुरुस्तीस वेगळे नाव दिले : ‘प्रोग्राम टेम्पररी फिक्स’, म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती दुरुस्ती, थोडक्यात पी.टी.एफ. नाव तात्पुरतीचे असले तरी ती बहुधा कायमचीच होऊन बसते.

दुरुस्ती करावी लागावी असे या सॉफ्टवेअरमध्ये बिघडते तरी काय? वस्तुतः ‘बिघडते’ हा शब्दच येथे लागू नाही. लोखंडी यंत्र झिजते, पट्टा तुटतो, तेल आटते. सॉफ्टवेअर झिजत नाही. जो दोष आज सापडला, तो पहिल्या दिवसापासून तेथे होताच. तो उघड होण्यास लागणारा योग मात्र अद्याप आला नव्हता. काही दोषांनी यंत्र थांबते; असा दोष त्रासदायक खरा, पण तो लगेच दिसतो. त्याहून वाईट दोष तो, ज्याने यंत्र थांबत नाही आणि चुकीचे उत्तर देते.

आमच्या वाचकांस परिचयाचे उदाहरण घेऊ. कापसाचा हंगाम आहे. जैनथ, बेला, तामसी या बाजूंच्या शेतकऱ्यांच्या गाड्या आदिलाबादच्या बाजारात आल्या, वजने झाली, पावत्या झाल्या. समजा, एका खरेदीदार संस्थेचे सर्व हिशेब डेटाबेसमध्ये आहेत. संध्याकाळी कारकून यंत्रास विचारतो : ज्यांचा माल घेतला आणि ज्यांचे पैसे दिलेले नाहीत, अशा सर्वांची यादी दे. आता डेटाबेस सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत बसत नाही. ग्रंथालयातील सूचीप्रमाणे त्याने सूची करून ठेवलेल्या असतात आणि कोणत्या सूचीच्या वाटेने गेल्यास उत्तर लवकर मिळेल, हे ते स्वतःच ठरविते. या वाट शोधण्याच्या भागात एखादा दुर्मीळ दोष असेल, उदाहरणार्थ दोन सूची विशिष्ट रीतीने जुळविताना काही ओळी गळत असतील, तर ४,८१२ नावांऐवजी ४,८०९ नावांची यादी निघेल. घंटा वाजणार नाही, लाल अक्षरे दिसणार नाहीत. राहिलेले तीन शेतकरी आठ दिवसांनी खिडकीशी येतील. कारकून यादी दाखवून म्हणेल, “काका, मशीनमध्ये तुमचं नाव नाही.” आणि यंत्रात त्यांचे नाव असेल! तीन नोंदी दप्तरात जशाच्या तशा असतील, फक्त चष्म्यातून दिसत नसतील. मशीन खोटे बोलत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे, म्हणून त्या तिघांचे कोणी ऐकणारही नाही.

असा दोष जगात कोठेतरी प्रथम कोणाच्या तरी लक्षात येतो, तो कंपनीस कळवितो, कंपनी शोध घेऊन दुरुस्ती तयार करते आणि सर्वांसाठी खुली करते. त्या दिवसापासून परिस्थिती पालटते. कालपर्यंत दोष अज्ञात होता. आज त्याचे वर्णन, लक्षणे आणि औषध सारेच छापून प्रसिद्ध झाले आहे. दोष सुरक्षिततेचा असेल, म्हणजे त्यातून परक्यास आत शिरता येत असेल, तर ते वर्णन चोरही वाचतो. कुंपणास भगदाड आहे हे गावभर जाहीर झाल्यावर ते तसेच ठेवणे निराळे, आणि कोणासच ठाऊक नसताना ते असणे निराळे.

याचा सर्वांत बोलका दाखला एका डेटाबेसचाच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेसमध्ये असे एक भगदाड सापडले आणि त्याची दुरुस्ती २४ जुलै २००२ रोजी प्रसिद्ध झाली. सहा महिने गेले. २५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडील सकाळचे सुमारे अकरा. ‘स्लॅमर’ नावाचा एक कृमी-प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. त्याचा आकार अवघा ३७६ बाइट. सांप्रतच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठविण्यास ३ बाइट लागतात. म्हणजे या लेखाच्या जेमतेम दोन ओळी! प्रारंभी दर साडेआठ सेकंदांस बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, बाधा होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे ९० टक्के त्याने गाठली; एकूण निदान ७५,००० यंत्रे सापडली. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो पैसे देणारी यंत्रे थांबली, विमानांची उड्डाणे रद्द झाली, ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रातील सुरक्षा-दर्शक संगणकप्रणाली सुमारे पाच तास बंद पडली. सुदैवाने ते केंद्र त्या वेळी चालू नव्हते.

सहा महिने औषध फडताळात पडून असताना लोक आजारी का पडले? आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. ती दुरुस्ती हाताने बसविण्यास किचकट होती. शिवाय तो डेटाबेस इतर पुष्कळ सॉफ्टवेअरच्या पोटात दडून आलेला होता. आपल्या यंत्रात तो आहे हेच अनेकांस ठाऊक नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या काही यंत्रांनाही बाधा झाली. यावरून आमच्या मते पहिली गोष्ट ही दिसते की, काय बसवावयाचे याच्या आधी आपल्याकडे काय काय आहे याची यादी हवी. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच राहून जाते.

मिडरेंज यंत्राच्या बाबतीत यादीची अडचण कमी, कारण डेटाबेस आतच विणलेला. तेथील अडचण वेगळी. ते यंत्र वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. हीच ती मघाशी म्हटलेली खोड. मालकास वाटते, कधी बंद पडलेच नाही, मग हात कशाला लावावयाचा? आमच्या माजी विद्यार्थ्यास हे उत्तर अनेकदा मिळाले आहे : “अहो, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?” दुरुस्तीसाठी यंत्र काही तास थांबवावे लागते. हंगामात थांबवता येत नाही, महिनाअखेर थांबवता येत नाही, मार्चमध्ये तर नावच काढावयाचे नाही. असे आजचे मरण उद्यावर ढकलता ढकलता वर्ष सरते, आणि ज्यास चार लहान दुरुस्त्या बसवावयाच्या होत्या त्याच्यापुढे शेकडोंचा ढीग साचतो. मग तो ढीगच भीतीचे कारण होतो.

भीती सर्वस्वी निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष सुधारणा जगभर धाडली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. म्हणजे येथे औषधानेच आजार झाला. यानंतर काही ठिकाणी अशी वृत्ती झाली की, कोणतीच सुधारणा नको. दुधाने तोंड पोळले म्हणजे ताकही फुंकून प्यावे हे ठीक; पण ताक पिणेच सोडून दिले तर कसे?

दोन्ही बाजू एकाच घटनेत पाहावयाच्या असतील तर मुंबईनजीकच्या न्हावा-शेवा बंदराकडे पाहावे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. तो प्रथम युक्रेनमध्ये शिरला तो एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुधारणेच्या वेषात. कंपनीची सुधारणा-वाहिनीच हल्लेखोरांनी हस्तगत केली होती. आत शिरल्यावर त्याचा फैलाव झाला तो काही अंशी चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी आणि काही अंशी विंडोजमधील अशा एका भगदाडातून, ज्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध झालेली होती. मेर्स्क या जहाज कंपनीचे संगणक एकामागून एक निकामी झाले, आणि त्या समूहाकडून चालविला जाणारा न्हावा-शेवा येथील धक्काही ठप्प झाला. कंपनीस सुमारे दहा दिवसांत ४,००० मोठे आणि ४५,००० लहान संगणक नव्याने उभे करावे लागले. २५ ते ३० कोटी डॉलर नुकसानीचा अंदाज तिने दिला. या उभारणीस लागणारी एक महत्त्वाची प्रत जगभरात एकाच ठिकाणी शिल्लक सापडली, आफ्रिकेतील घाना देशात. कारण तेथील वीज गेल्यामुळे ते यंत्र नेमके त्या वेळी बंद होते. वीज जाण्याने कोणाचे भले झाल्याचे आम्ही प्रथमच ऐकले. परंतु प्रत वाचविण्याचे काम दैवावर सोडण्यासारखे नाही, हे यात आहेच.

यासाठी जाणते लोक दुरुस्ती कशी करतात, ते आता पाहू. आपल्या मोबाईलवर सुधारणेची सूचना आपोआप उमटते. व्यापारी यंत्र असा आग्रह करीत नाही. त्यास कोणीतरी विचारावे लागते. आय.बी.एम. आपल्या डेटाबेसच्या दुरुस्त्या सुट्या न ठेवता त्यांचे गट बांधते आणि गटास क्रमांक देते. ७.४ आवृत्तीसाठी हा गट एस.एफ.९९७०४ आणि ७.५ साठी एस.एफ.९९९५०. गटात नव्या दुरुस्त्यांची भर पडली की त्याची पातळी एकाने वाढते. आपल्या यंत्रावर पातळी कोणती आणि कंपनीकडे कोणती, एवढे ताडून पाहिले की मागे किती राहिलो ते कळते. गंमत अशी की, ही तुलना करणारा एक तयार तक्ता त्याच डेटाबेसमध्ये आहे. कंपनीच्या संकेतस्थळाशी जोडलेले असले तर दप्तरच स्वतःच्या चष्म्याचे वय सांगते! डेटाबेसच्या गटाखेरीज सुरक्षिततेचा गट वेगळा, आणि ज्या दोषांचा परिणाम गंभीर व व्यापक असतो त्यांचा ‘हायपर’ नावाचा गट वेगळा. मागे पडलेल्याने प्रथम या शेवटच्या दोहोंकडे पाहावे.

प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक माहितीपत्र येते. दोष कोणता, तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो, आधी कोणती दुसरी दुरुस्ती हवी, बसविल्यावर काय करावे, हे त्यात लिहिलेले असते. ते वाचण्याचा कंटाळा करणारे पुष्कळ. आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, शाळेत तुम्ही प्रश्न दोनदा वाचायला लावायचे, ती सवय मला इथे उपयोगी पडते.” हे ऐकून आम्हांस बरे वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्यानंतर संपूर्ण यंत्राची प्रत. या यंत्राच्या ‘सेव्ह’ यादीतील २१ वा पर्याय यंत्रावरील सर्व वापरकर्त्यांस बाहेर काढून कार्यप्रणालीपासून हिशेबापर्यंत सारे उतरवून घेतो. त्याला वेळ लागतो आणि तोच वेळ वाचविण्याचा मोह सर्वांत जास्त. जेथे दुसरे लहान, चाचणीचे यंत्र आहे, तेथे दुरुस्ती आधी त्यावर बसवून दोन आठवडे नेहमीच्या याद्या व बेरजा काढून पाहतात आणि जुन्या उत्तरांशी ताडतात. मग ठरलेल्या रात्री मुख्य यंत्रावर. काही दुरुस्त्या चालत्या यंत्रावर लागू होतात, काहींसाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

येथे ‘तात्पुरती’ या शब्दाचा खरा उपयोग कळतो. दुरुस्ती तात्पुरती लावली तर यंत्र आधीचा भाग फेकून न देता बाजूस ठेवते. काही विपरीत दिसल्यास दुरुस्ती काढून पूर्वस्थितीस जाता येते. ती कायम केली की जुना भाग जातो आणि परतीची वाट बंद होते. म्हणून काही काळ तात्पुरती ठेवून, एखादी महिनाअखेर नीट पार पडल्यावर मगच कायम करणे शहाणपणाचे. क्राउडस्ट्राइकच्या प्रसंगी एकाच वेळी सर्वत्र आणि चाचणीस अवसर न देता बदल झाला. येथे प्रत्येक पायरीवर थांबून पाहता येते. दुरुस्ती करावी की करू नये हा वाद म्हणूनच आम्हांस पोकळ वाटतो. प्रश्न असतो तो थांबावयाचे किती आणि कोणत्या पायरीवर एवढाच.

आमच्या विद्यार्थ्याची अशी रात्र बहुधा शनिवारची असते. दहास लोक यंत्रावरून उतरतात, प्रत निघता निघता एक वाजतो, दुरुस्त्या चढवून यंत्र पुन्हा उभे राहीपर्यंत पहाट होते. रात्र थोडी आणि सोंगे फार. सोमवारी सकाळी पहिल्या याद्या सावकाश निघतात, कारण कोणत्या वाटेने शोधावे याविषयी यंत्राने मनाशी जमविलेले आराखडे बंद होताना पुसले जातात आणि ते पुन्हा जमवावे लागतात. पहिल्या वर्षी त्याला हे ठाऊक नव्हते. फोन खणखणू लागताच घाबरून तो सारी दुरुस्ती काढून टाकणार होता. वरिष्ठ म्हणाले, “अरे, दुपारपर्यंत थांब.” दुपारी वेग पूर्ववत् झाला. आता तो सोमवारचा उशीर आधीच सर्वांस कळवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र त्याच्या हाती नाही. प्रत्येक आवृत्तीस कंपनी ठराविक काळच नवी दुरुस्ती देते. ७.३ या आवृत्तीची नेहमीची सेवा ३० सप्टेंबर २०२३ रोजी संपली. त्यापुढे जादा पैसे मोजून घेतलेली सेवा तेवढी उरते. अशी सेवा न घेता जुन्याच आवृत्तीवर राहिलेल्या यंत्रात सर्व गट शेवटच्या पातळीपर्यंत बसविलेले असले, तर तुलनेच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे ‘अद्ययावत’ असेच उत्तर येईल, आणि ते दरमहा तसेच येत राहील.